शाळेच्या बास क्लॅरिनेटसाठी परवडणारा माऊथपीस कसा निवडायचा

अमेरिकेतल्या शाळांमध्ये चौथी-पाचवीच्या सुमारास बँड सुरू होतो आणि आपल्या मंडळींची बरीच मुलं क्लॅरिनेट निवडतात. मिडल स्कूलमध्ये पोचेपर्यंत क्लॅरिनेटवाल्यांची गर्दी होते आणि खालचे सूर वाजवायला मात्र कुणी नसतं. मग बँड डायरेक्टर त्यातल्या एक-दोघांना विचारतात, "बास क्लॅरिनेट वाजवशील का?" मूल हरखून हो म्हणतं आणि घरी एक लांबलचक काळी पेटी येते. पेटीतलं वाद्य शाळेचं असतं, कधी फुकट, कधी नाममात्र भाड्याचं. तसं नवं वाद्य घ्यायला काही हजार डॉलर पडतील, त्यामुळे ते विकत घ्यायचा प्रश्न येत नाही. आईवडिलांनी स्वतःच्या पैशाने घ्यावी आणि जिचा रोज उपयोग व्हावा अशी एकच वस्तू उरते, ती म्हणजे माऊथपीस, तोंडात धरून फुंकायचा वाद्याचा वरचा तुकडा.

मी न्यू जर्सीत एका हौशी विंड बँडमध्ये बास क्लॅरिनेट वाजवतो. ओळखीतल्या घरांतून दर सप्टेंबरमध्ये हाच प्रश्न येतो, कोणता घ्यावा आणि किती पैसे घालावेत? माझं मत आधीच सांगतो. शाळकरी मुलाला दोनशे-तीनशे डॉलरच्या माऊथपीसची गरज नाही. साधारण शंभर डॉलरच्या आत-बाहेर नीट घडवलेला, मध्यम उघडा (टोकाशी मध्यम फट असलेला) माऊथपीस आणि बरोबर ताज्या रीड्सचा, म्हणजे माऊथपीसवर लावायच्या, थरथरून आवाज काढणाऱ्या पातळ वेताच्या पट्ट्यांचा एक डबा एवढ्यात मुलाचा आवाज पार बदलतो. फक्त तो निवडताना क्रम चुकवायचा नाही, कारण बहुतेक पैसे वाया जातात ते क्रम चुकल्यामुळेच.

आधी वाद्याची हवा कुठे गळते ते बघा

"वरचे सूर लागतच नाहीत, माऊथपीस बदलू का?" असं विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं माऊथपीसमध्ये नसतं. शाळेची वाद्यं हातोहाती फिरलेली असतात. पेटीत कोंबताना चाव्यांची एखादी लांब दांडी वाकते, छिद्र झाकणारं पॅड नीट बसत नाही आणि हवा गळायला लागते. अशा वाद्याला जगातला सगळ्यात महाग माऊथपीस लावला तरी ते चिरकणारच.

तपासणी घरी करता येते. शाळेचाच माऊथपीस ठेवा, त्यावर नवी कोरी अडीच नंबरची रीड लावा (नंबर जितका मोठा तितकी रीड कडक). मुलाला मोकळ्या जी (एकही छिद्र न झाकता लागणारा स्वर) पासून एकेक बोट बंद करत हळूहळू खालच्या ई पर्यंत उतरायला सांगा, मधले अर्धे स्वरही घेत. (इथून पुढे स्वरांची नावं बास क्लॅरिनेटच्या नोटेशनमध्ये लिहिलेली असतात तीच.) आवाज खाली जाताना भरदार होत गेला तर ठीक. एखाद्या स्वरापासून तो अचानक बारीक झाला, गुरगुरायला लागला किंवा उडी मारून वर गेला, तर त्या बोटाखालचं पॅड गळतंय. बोटं जरा जास्त दाबल्यावर स्वर लागत असेल तर गळतीबद्दल शंकाच नको. वाद्य दोन भागांत जोडायचं असेल तर दोन्ही भागांना जोडणारी छोटी दांडी एकमेकींवर नीट टेकली आहे का तेही बघा. रोज जोडताना ती थोडी सरकते आणि त्यातून निम्म्या तक्रारी उभ्या राहतात.

दुसरी जागा म्हणजे रजिस्टरची चावी, डाव्या अंगठ्याने दाबली की स्वर वर नेणारी. बास क्लॅरिनेटच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये वरच्या सुरांसाठी दोन वेगवेगळी छिद्रं असतात आणि मधल्या ई फ्लॅट-ई च्या आसपास वाद्य आपोआप एकावरून दुसऱ्यावर जातं. ती यंत्रणा अडकली की एका ठरावीक स्वराच्या वरचं सगळं बिघडतं आणि खालचं छान लागतं. स्वस्त किंवा जुन्या वाद्यांत एकच छिद्र असतं, त्यांचे अगदी वरचे सूर मुळातच अवघड असतात, आणि त्यावर माऊथपीसचा इलाज नाही.

गळती दिसली तर स्वतः स्क्रू फिरवत बसू नका, वाद्य शाळेचं आहे. बँड डायरेक्टरना दोन ओळींची ईमेल करा, कोणत्या स्वरापासून त्रास होतो ते नेमकं लिहा. दुरुस्ती करून देणं ही शाळेची बाजू आहे आणि नेमकी तक्रार असली की काम लवकर होतं.

मग रीड आणि लिगेचर

वाद्य ठीक असेल तर पुढची पायरी सगळ्यात स्वस्त आहे. मुलं सोप्रानो, म्हणजे नेहमीच्या साध्या क्लॅरिनेटवरून येतात तेव्हा तिथे तीन किंवा साडेतीन नंबरची रीड वाजवत असतात आणि बासवरही तोच नंबर मागतात. बासची रीड लांब-रुंद असते, तिला हलवायला हवाही जास्त लागते. सुरुवातीला अडीच नंबर पुरे, काही महिन्यांनी तीन.

पाच रीड्सचा एक डबा घ्या आणि त्यातल्या तीन आलटून पालटून वाजवा. टेनर सॅक्सोफोनची रीड मापाने बासच्या रीडच्या जवळची असते आणि कित्येक जण तीच वापरतात, त्यामुळे दुकानात बासची रीड नसली तर रिकाम्या हाताने परत येऊ नका. फक्त लावल्यावर ती माऊथपीसच्या दोन्ही कडांच्या बाहेर डोकावत नाही ना एवढं बघा.

प्लास्टिकच्या कृत्रिम रीड्सबद्दल पालक विचारतात. लेजेअर कंपनीची बाससाठीची रीड मला शाळकरी मुलांसाठी पटते. बँडमध्ये बास क्लॅरिनेटला लांबलचक विश्रांती असते, तेवढ्यात वेताची रीड सुकते आणि पुढचा स्वर चिरकतो. कृत्रिम रीड सुकत नाही. महाग असते, पण महिनोन्‌महिने चालते. मात्र नवा माऊथपीस पारखताना वेताचीच रीड वापरा, म्हणजे शाळेच्या आणि नव्या माऊथपीसची तुलना एकाच पायावर होते.

लिगेचरवर (रीड माऊथपीसवर आवळून धरणारा स्क्रूचा पट्टा) जास्त शब्द खर्च करत नाही. स्क्रू फिरत असतील, पट्टी पिचलेली नसेल आणि रीड हलत नसेल तर आहे ते ठीक आहे. माऊथपीस बदलल्यावर मात्र जुनं लिगेचर बसेलच असं नाही, कारण बाहेरचा घेर कंपनीनुसार बदलतो. ऑर्डर करताना लिगेचर सोबत येतं का ते वाचून घ्या.

एवढं करून आठवडाभर वाजवू द्या. आवाज सुधारला आणि मूल खूश असेल तर माऊथपीसची खरेदी पुढच्या वर्षावर टाकायला हरकत नाही.

शाळेचा माऊथपीस खराब आहे हे कसं ओळखायचं

तो उजेडात धरा आणि टोकाकडे बघा. टोकाची अगदी बारीक कड, जिच्यावर रीडचं टोक येऊन टेकतं, ती सलग आणि सारख्या जाडीची हवी. तिच्यावर टवका उडालेला असेल तर तो माऊथपीस कामातून गेला. वरच्या बाजूला दातांचे खोल खड्डे असतील तर आवाजाला तसं काही होत नाही, पण मुलाचे दात त्याच खड्ड्यात जाऊन बसतात आणि कोन चुकतो. यावर पातळ रबरी पॅच चिकटवता येतो, काही डॉलरचं काम.

दुसरी परीक्षा हवेची. भिजवलेली रीड नीट लावा, माऊथपीसचं मागचं तोंड तळहाताने घट्ट बंद करा, टोक तोंडात धरून आतली हवा ओढून घ्या आणि झटकन तोंडातून बाहेर काढा. रीड क्षणभर चिकटून राहिली आणि मग "टप्" असा आवाज करून सुटली तर रीड आणि माऊथपीस एकमेकांवर नीट बसतात. अजिबात चिकटली नाही तर आधी रीड बदलून बघा. दोन-तीन वेगवेगळ्या रीड्सवर तेच झालं तर माऊथपीसची बैठक, म्हणजे रीड टेकते ती सपाट जागा किंवा तिच्या पुढच्या दोन कडा, वाकडी आहे.

बऱ्याच शाळांच्या पेट्यांत कंपनीने सोबत दिलेला साधा साच्यातला माऊथपीस असतो, तोही वर्षानुवर्षं धुतलेला, कधी गरम पाण्यात बुडवलेला. तो बदलला की फरक लगेच ऐकू येतो.

मापं समजून घ्या, पण त्यात अडकू नका

माऊथपीसच्या जाहिरातीत चार-पाच शब्द पुन्हा पुन्हा येतात. पहिला टिप ओपनिंग, म्हणजे रीडचं टोक आणि माऊथपीसचं टोक यांच्यातली फट. सोप्रानो क्लॅरिनेटवर ही फट साधारण एक ते सव्वा मिलिमीटर असते, बासवर साधारण दीड ते सव्वादोन. फट जास्त असली की आवाज मोठा आणि वळवायला सोपा होतो, पण ओठांना ताकद लागते, हवा लागते आणि मऊ रीड लागते. जॅझ वाजवणारे मोठी फट पसंत करतात. शाळेच्या बँडसाठी मध्यम किंवा त्याहून किंचित कमी फट घ्यावी.

दुसरा शब्द फेसिंग. रीड टेकण्याच्या सपाट जागेपासून टोकापर्यंत माऊथपीसच्या दोन कडा हळूहळू रीडपासून दूर वळत जातात, त्या वळणाला फेसिंग म्हणतात. ते वळण डावी-उजवीकडे तंतोतंत सारखं असणं हीच चांगल्या माऊथपीसची खरी ओळख आहे, आणि स्वस्त मालात नेमकी तिथेच हयगय होते. कारागीर काचेच्या पट्टीवर माऊथपीस ठेवून त्याखाली ०.००१५ इंच जाडीची पातळ पट्टी सरकवतात आणि ती दोन्ही बाजूंना किती आत जाते ते मोजतात.

बॅफल म्हणजे टोकामागचा आतला उतार, चेंबर म्हणजे त्याच्यामागची पोकळी. बॅफल उंच असला की आवाज तीक्ष्ण होतो, चेंबर मोठी असली की आवाज जाड होतो आणि सूर थोडा उतरतो. याचा विचार पालकांनी करायची गरज नाही, ट्यूनर (सूर चढा की उतरलेला ते दाखवणारं यंत्र) सांगेल.

आणि साहित्य? एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, की प्लास्टिक, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते आकार आणि फेसिंग चांगलं असेल तर प्लास्टिकचा माऊथपीस शाळेला पुरून उरतो. उलट तो दप्तरात फेकला जाणार, बँडरूमच्या फरशीवर पडणार, हे धरून चालावं. काचेचा, म्हणजे क्रिस्टलचा माऊथपीस मुलाला देऊच नका.

कोणते घ्यायचे

यामाहाचा ४ सी. यामाहाच्या विद्यार्थी बास क्लॅरिनेटसोबत हाच येतो. प्लास्टिकचा, स्वस्त, आणि यामाहाची ख्याती आहे ती सातत्याची: दहा घेतले तर दहाही जवळजवळ सारखे निघतात. आवाज थोडा सपाट, पण सूर जागेवर आणि वरच्या सुरांत त्रास कमी. शाळेच्या पेटीतला माऊथपीस फुटका असेल आणि पैसे अगदी मोजके असतील तर डोळे मिटून हा घ्या.

डेव्हिड हाइट या अमेरिकन कारागिराच्या नावाचा हाइट प्रीमियर त्याच भावाच्या आसपास मिळतो. अमेरिकेतले शिक्षक तो वर्षानुवर्षं सुचवत आले आहेत. हवा सहज घेतो, सोप्रानोवरून आलेल्या मुलाला परका वाटत नाही.

माझी पहिली पसंती मात्र फोब्ज डेब्यू. क्लार्क फोब्ज सॅन फ्रान्सिस्कोचे क्लॅरिनेटवादक आणि कारागीर. डेब्यू हा त्यांचा विद्यार्थ्यांसाठीचा माऊथपीस, फेसिंगवर हात फिरवून बाहेर पडणारा. पहिल्या दोघांपेक्षा थोडा महाग, तरीही शंभर डॉलरच्या आसपास. बासवरचे मधल्या सप्तकाचे वरचे स्वर, म्हणजे ए, बी, सी, जिथे बहुतेक मुलं अडखळतात, ते यावर सुटसुटीत निघतात. मूल दोन-तीन वर्षं बास वाजवणार असेल तर मी यामाहाऐवजी हाच सांगतो. त्यांचाच नोव्हा याच्या वरचा, भावही जवळपास दुप्पट. हायस्कूलमध्ये ऑल-स्टेटच्या (राज्यभरातून निवडलेल्या मुलांच्या बँडच्या) ऑडिशनला बसणाऱ्या मुलाने त्याचा विचार करावा.

सेल्मर पॅरिसचा सी स्टार हा अमेरिकेत बास क्लॅरिनेटवाल्यांचा कैक वर्षांचा ठरलेला माऊथपीस. नवा घेतला तर आपल्या बजेटच्या बाहेर जातो, पण जुना चांगल्या अवस्थेत मिळाला तर सोडू नका. व्हॅन्डोरेनचे बी ४० आणि बी ४६ हेही उत्तम, पण महाग, आणि बी ४६ उघड्या बाजूचा. मिडल स्कूलसाठी मी ते सुचवत नाही.

ऑनलाइन बाजारात वीस-पंचवीस डॉलरला लिगेचर, टोपी आणि रीडसकट मिळणारे बिननावाचे संच टाळा. ते चकाकतात छान, पण आत साच्याची शिवण तशीच असते आणि दोन कडा सारख्या नसतात. शाळेच्या जुन्या माऊथपीसपेक्षा ते बरे निघतीलच याची काही खात्री नाही.

ऑर्डर करताना नाव पुन्हा वाचा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. "४ सी" हे नाव यामाहा साध्या क्लॅरिनेटच्या माऊथपीसला देते, सॅक्सोफोनच्याही. "बी ४०" आणि "बी ४६" साध्या क्लॅरिनेटसाठीही असतात. "सी स्टार" सॅक्सोफोनसाठीही असतो. त्यामुळे नुसत्या नंबरावर शोध घेतला की भलतीच वस्तू घरी येते. शीर्षकात "बास क्लॅरिनेट" असं स्पष्ट लिहिलेलं हवं. बास "सॅक्सोफोन" ही आणखी वेगळी चीज, तेही लक्षात असू द्या. वाद्य खालच्या ई फ्लॅटपर्यंत जाणारं आहे की खालच्या सी पर्यंत, याने माऊथपीसला काही फरक पडत नाही.

अमेरिकेतली बरीच वाद्यांची दुकानं माऊथपीस चाचणीला पाठवतात आणि परत केल्यास थोडी फी कापून घेतात. आधी अटी वाचा, फोन करून विचारा. यामाहा आणि फोब्ज असे दोन एकदम मागवून एक परत करणं हा माझ्या दृष्टीने फीचे पैसे देऊनही फायद्याचा सौदा आहे.

आल्यावर, वाजवण्याआधी

टोकाची कड उजेडात तपासा, टवका नको. मग रीड न भिजवता हलकेच बसवून माऊथपीस बाजूने डोळ्यांसमोर धरा, मागे खिडकीचा उजेड. रीड आणि कडा यांच्यातली उजेडाची रेघ टोकाकडे हळूहळू रुंद होत जाते. आता माऊथपीस उलटा फिरवून दुसऱ्या बाजूने तेच बघा. दोन्हीकडे रेघ एकाच जागी सुरू झाली पाहिजे. एका बाजूला ती स्पष्टपणे खालून सुरू होत असेल तर वाजवायच्या आधीच परतीचं लेबल काढा.

मग नेकमध्ये, म्हणजे वाद्याच्या वरच्या वाकड्या धातूच्या नळीत, बसतो का बघा. बास क्लॅरिनेटचा माऊथपीस नेकच्या तोंडात जातो आणि त्याच्या शेपटीवर कॉर्क असतो. नेकची मापं कंपनीनुसार थोडी वेगळी असतात, त्यामुळे नवा माऊथपीस जुन्या नेकमध्ये घट्ट जाणं अगदी नेहमीचं आहे. जोर लावू नका, नेक वाकतो. कॉर्क ग्रीस लावून दोन-तीन दिवस फिरवत फिरवत बसवा, कॉर्क दबतो. तरीही जात नसेल तर बारीक पॉलिश पेपरने कॉर्क अगदी थोडा घासा, दर चार-पाच फेऱ्यांनी बसवून बघत. परत करायची शक्यता असेल तोवर कॉर्कला हात लावायचा नाही. उलट सैल असेल तर प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळा, नंतर दुकानातून जाड कॉर्क लावून घ्या. डगडगणाऱ्या माऊथपीसवर घेतलेल्या चाचणीला अर्थ नाही.

वाजवून पारख

या कामाला घरातलं दुसरं माणूस लागतं आणि त्याला संगीत येण्याची गरज नाही.

आधी ओठ कुठे ठेवायचा ते ठरवा. व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा रीड आणि माऊथपीसच्या मधल्या फटीत टोकाकडून हळूच सरकवा. जिथे ते अडतं तिथे रीड माऊथपीसला टेकायला लागते. रीडवर त्या जागी पेन्सिलीने बारीक रेघ मारा. खालचा ओठ या रेघेच्या आसपास यायला हवा. सोप्रानोवरून आलेली मुलं फार कमी माऊथपीस तोंडात घेतात, टोकावरच चावतात, आणि मग प्रत्येक माऊथपीस वाईटच वाटतो. खुर्चीची उंची आणि वाद्याखालचा टेकूचा पाय असा लावा की माऊथपीस तोंडात जवळजवळ सरळ येईल, मान खाली घालावी लागणार नाही.

आता मुलाला खालचा ए धरायला सांगा, मध्यम जोराने, लांब. तुम्ही पाठीमागे उभे राहून डाव्या अंगठ्याची रजिस्टरची चावी हलकेच दाबा. मुलाने ओठ, हवा, जीभ काहीही बदलायचं नाही. स्वर मधल्या ई वर उडी मारेल. ही उडी स्वच्छ झाली पाहिजे, मधे घशातून निघाल्यासारखा "ग्रर्र" नको. हेच खालच्या एफ वर करा, म्हणजे सी लागेल, मग जी वर डी. त्यानंतर वर चढा: सी दाबून धरलेल्या बोटांवर जी, डी वर ए, ई वर बी, एफ वर सी. शेवटचे तीन सगळ्यात कठीण, कारण बास क्लॅरिनेटचा स्वभावच तसा आहे. ज्या माऊथपीसवर हे तीन कमीत कमी धडपडीने लागतात तो तुमचा. बाकी सगळ्या निकषांवर बरोबरी झाली तरी मी याच एका चाचणीवर निर्णय घेतो.

त्यानंतर खालचा ई अगदी हळू, जीभ न लावता नुसत्या हवेने सुरू करायला सांगा. हवा सुरू झाल्यावर सूर किती उशिराने येतो ते ऐका. मग तोच स्वर हळूहळू मोठा करत न्यायचा. मोठा होताना सूर थोडा उतरतो, ते चालेल, पण आवाज फाटला किंवा बंद पडला तर रीड मऊ आहे किंवा फट जास्त. पाठोपाठ एकाच स्वरावर जीभ लावत चार-चार ठोके.

ट्यूनर शेवटी. मोकळा जी, मधला जी आणि खालचा ई, तिन्ही बघा. माऊथपीस पूर्ण आत ढकलूनही सगळं वाद्य उतरलेलं असेल तर तो या वाद्याला नाही. सगळंच थोडं चढं असेल तर काळजी नको, नेक किंचित ओढून जमतं.

फोनवर रेकॉर्ड करा, फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून. वाजवणाऱ्याला आपला आवाज दातांतून आणि कवटीतून ऐकू येतो, त्यामुळे त्याला जो माऊथपीस मोठा वाटतो तो समोरच्याला नुसता कर्कश वाटू शकतो. रेकॉर्डिंग ऐकताना कोणता माऊथपीस आहे हे मुलाला सांगू नका. आमच्या ओळखीतल्या सातवीतल्या एका मुलीने अशा ऐकण्यात दोन्ही वेळा स्वस्त यामाहा निवडला, वाजवताना मात्र तिला दुसराच "भारी" वाटला होता. तिने यामाहाच ठेवला आणि उरलेल्या पैशात वर्षभराच्या रीड्स आल्या.

एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त वाजवू देऊ नका. ओठ थकले की सगळे माऊथपीस सारखेच वाईट लागतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच रीडवर.

जुना घ्यायचा असेल तर

जुन्या बाजारात सी स्टारसारखे चांगले माऊथपीस निम्म्या किमतीत मिळतात. विक्रेत्याकडून टोकाचा जवळून काढलेला फोटो मागा, आणि रीड टेकते त्या सपाट भागाचा. नुसता वरून काढलेला फोटो असेल तर पुढे बोलू नका. "सेल्मर" असं लिहिलेलं असलं तरी तो पॅरिसचा एबोनाइटचा आहे की विद्यार्थी वाद्यासोबत येणारा साधा, ते विचारा, कारण दोघांच्या किमतीत मोठी तफावत असते. एबोनाइटचा रंग हिरवट-तपकिरी झाला असेल तर तो उन्हात राहिला आहे किंवा गरम पाण्याने धुतला आहे. फक्त रंग उडाला असेल तर वाजतो छान, पण गरम पाण्याने आकारही बिघडलेला असू शकतो, म्हणून परतीची मुभा असल्याशिवाय घेऊ नका.

"रिफेस केलेला" (फेसिंग पुन्हा घासून घडवलेला) असं लिहिलं असेल तर कोणी केला ते विचारा. नावाजलेल्या हाताने केला असेल तर तो मूळपेक्षा सरस असतो. विक्रेत्याने घरीच पॉलिश पेपरवर घासलेला असेल तर पैसे पाण्यात.

निगा

वाजवून झाल्यावर रीड काढायचीच. माऊथपीस आतून मऊ फडक्याने पुसा, फडकं टोकाकडून ओढू नका. आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि भांड्याचा साबण, बस. गरम पाणी कधीच नाही. उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका. आणि शाळेचा मूळ माऊथपीस पेटीत जपून ठेवा, जूनमध्ये वाद्य परत करताना तो मागतात.

आल्टो, कॉन्ट्रा, आणि भारतात असाल तर

आल्टो क्लॅरिनेटचा माऊथपीस बासपेक्षा लहान असतो, बासचा त्याला चालत नाही. ई फ्लॅटमधला कॉन्ट्रा-आल्टो आणि बी फ्लॅटमधला कॉन्ट्राबास या बासहूनही खाली जाणाऱ्या क्लॅरिनेटना बहुतेक वेळा एकच मापाचा माऊथपीस लागतो. त्यात स्वस्त पर्याय फार थोडे आहेत. म्हणून कॉन्ट्रा मिळालेल्या मुलांना मी आधी रीडवर पैसे घालायला सांगतो, बॅरिटोन सॅक्सोफोनची रीड त्यावर बसते आणि सहज मिळते. शाळेच्या कॉन्ट्राचा माऊथपीस खरोखर फुटका असेल तर तो खर्च शाळेनेच करावा. वर्षाला एकच मूल वाजवतं, पुढच्या वर्षी दुसरं.

मुंबई, पुणे किंवा गोव्यात बास क्लॅरिनेट वाजवणारे मोजकेच आहेत, आणि दुकानात या मापाचा माऊथपीस तयार मिळेल अशी आशा धरू नका. साध्या क्लॅरिनेटचे मिळतात, बासचा मागवावा लागतो. बाहेरून कुरियरने मागवला तर सीमाशुल्क आणि कर धरून किंमत बरीच फुगते. अमेरिकेतून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत आणवणं हा आपल्याकडचा नेहमीचा मार्ग, पण मग परत करायची सोय राहत नाही. अशा वेळी ज्याच्या प्रतींमध्ये फारसा फरक पडत नाही तोच मागवा, म्हणजे यामाहा ४ सी, आणि आणणाऱ्याला वर सांगितलेली उजेडाची तपासणी तिथेच, दुकानाची परतीची मुदत संपायच्या आत करायला सांगा. त्याला फक्त एक रीड आणि एक खिडकी लागेल. सोबत अडीच नंबरच्या रीड्सचे दोन डबे आणि एक जादा लिगेचर सांगायला विसरू नका, कारण इथे लिगेचर तुटलं तर त्या मापाचं दुसरं शोधण्यात महिना जातो.